एकशे वीस घरांची यादी

१२ मार्च २०२४, मंगळवार

समितीची सभा झाली. पुढे कधी वाचले तर समजावे म्हणून सगळे नीट लिहून ठेवतो.

आमच्या गोदाविहार वसाहतीत एकशे वीस घरे आहेत. रस्त्याच्या पूर्वेला साठ, पश्चिमेला साठ. बायपासच्या पलीकडे असल्यामुळे नळ नाही. पाइपलाइनसाठी चर खणले आहेत, पाइप कडेला पडून आहेत. बोअर जानेवारीतच आटले. टँकर दिवसाला दोन खेपा करतो. रोज चोवीस घरे, प्रत्येक घराला दोन ड्रम, आणि पाचव्या दिवशी त्याच घराचा पुन्हा नंबर. कोणाचा नंबर कधी, हे रजिस्टरात लिहिणे आणि टँकरबरोबर फिरून खूण करणे हे माझे काम. त्याबद्दल पगार आणि ऑफिसमागची खोली.

आता ठरले आहे की गुढीपाडव्यापासून यादी हाताने लिहायची नाही, कम्प्युटरने काढायची. रोज सकाळी सात वाजता ती ग्रुपवर आली पाहिजे. मागच्या महिन्यात दोनदा भांडण झाले, म्हणून. एक जण म्हणाला, रजिस्टरात खाडाखोड होते. माझ्या रजिस्टरात तीन वर्षांत एकही खाडाखोड नाही. पण मी दाराशी उभा होतो आणि मला कोणी विचारले नाही.

सभा उठल्यावर सचिव श्रीधरराव (तहसील कचेरीतून निवृत्त) मला म्हणाले, "सांडू, तुझं अक्षर सुरेख आहे. पण आता अक्षराचं काम उरलं नाही. पाडव्यापर्यंत शिकलास तर तू, नाहीतर दुसरा कोणी बघावा लागेल. वाईट वाटून घेऊ नकोस."

मी म्हणालो, नाही वाटून घेत.

दहावीला गणितात दोनदा नापास. पाडव्याला अठ्ठावीस दिवस आहेत. काम गेले की खोलीही गेली.

१४ मार्च, गुरुवार

श्रीधररावांची पुतणी मनस्विनी पुण्याच्या कंपनीत आहे, सध्या घरून काम करते. दुपारी जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास शिकवणार आहे. मी मॅडम म्हणालो. ती म्हणाली, "मॅडम नको, ताई म्हण." माझ्याहून लहान असावी. ताई म्हणतो.

भाषेचे नाव पायथन. आज एकच शब्द शिकलो, प्रिंट. पुढे कंसात आणि अवतरणचिन्हांत जे लिहू ते पडद्यावर उमटते. मी माझे नाव लिहिले. अकरा वेळा चुकले. कंस उघडतो आणि बंद करायचा राहतो. बाराव्या वेळी "सांडू" असे उमटले. ताईने टाळी वाजवली. लहान मुलासाठी वाजवतात तशी.

१७ मार्च, रविवार

एक अक्षर चुकले तरी तो पुढे जात नाही, लाल अक्षरांत कुठल्या ओळीत चुकले ते सांगतो. हे मला आवडले. शुद्धलेखनाबाबत इतके कडक कोणी मला शाळेनंतर भेटले नव्हते.

पण आज ओळीच्या आधी चार जागा मोकळ्या सोडायच्या होत्या आणि मी एके ठिकाणी तीनच सोडल्या. दीड तास गेला. शाळेत वहीला समास आखायचो तसा कागद कापून पडद्याला लावला. त्यावर बोट ठेवून मोजतो.

२१ मार्च, गुरुवार

फार वाईट दिवस.

पाचने भागून बाकी किती उरते त्यावरून घराचा दिवस ठरवायचा. ताईने तीनदा सांगितले. मी तीनदा "हो" म्हणालो. मग तिने विचारले, "बारा भागिले पाच, बाकी किती?" मी वहीत बारा लिहिले, पुढे जमेना. ती घड्याळाकडे बघत होती. शेवटी "उद्या बघू" म्हणून गेली.

हे चौथीतले गणित आहे.

संध्याकाळी टँकर धुऊन घेताना ड्रायव्हर बद्रीनाथभाऊंनी विचारले, "थोबाड काहून पाडलं?" मी सांगितले. त्यांनी पाइप खाली टाकला आणि हाताचा पंजा पुढे केला. "हे पाच बोटं. एक एक घर ठिव त्याच्यावर. करंगळी झाली का पुन्हा अंगठा. बारावं घर कोणत्या बोटावर पडलं?"

"दुसऱ्या."

"तीच तुझी बाकी. आन् एवढ्यासाठी पुण्याची बाई लावली व्हय रं?"

खोलीत येऊन एकशे वीस घरे बोटांवर मोजली. एकही चुकले नाही.

२४ मार्च, रविवार

आज होळी. आज एक फार मोठी गोष्ट समजली.

पायथन मोजणी शून्यापासून करतो. यादीतली पहिली वस्तू त्याच्या लेखी शून्यावी. हे ऐकून मी हबकलो. पहिल्या घराला शून्य म्हणायचे, दुसऱ्याला एक, म्हणजे प्रत्येक घर एकाने घसरणार. मी ताईला म्हणालो, मला हे आयुष्यात जमणार नाही.

मग तिने माझी फाइल उघडली. पूर्व बाजूची साठ नावे मी स्वतः टाइप केली आहेत. सगळ्यात वर, पहिल्या ओळीत, मी "श्री" लिहिले आहे. कोणत्याही वहीच्या डोक्यावर लिहितो तसे. ताई हसली. म्हणाली, "हे बरंय. तुझा शून्य नंबर श्रीने घेतला. आता पहिलं घर एक, दुसरं घर दोन. तू एकपासून सुरू कर, शेवटपर्यंत जा."

म्हणजे शून्याची जागा वरच्यासाठीच असते. ती सोडायची आणि एकपासून सुरू करायचे. ज्याने ही भाषा केली त्यानेही काही विचार करूनच केली असणार. मनावरचे ओझे उतरले.

३० मार्च, शनिवार

सहा दिवस काही लिहिले नाही. लिहिण्यासारखे काही जमले नाही.

गावाहून आईचा फोन. पैठणला धरण उशाशी असून आमच्या गावाला टँकर. तिला सांगून ठेवले आहे की मला ऑफिसात कम्प्युटर दिला आहे. ती म्हणाली, "बस आता. लेकराचं भलं झालं." मी फोन ठेवून तोंड धुतले.

५ एप्रिल, शुक्रवार

कधी चोवीसऐवजी साठच्या साठ नावे येतात, कधी एकही नाही. आज एकच नाव दोनशे वेळा उमटत राहिले, थांबेचना. लॅपटॉपचे बटण दाबून धरले आणि बंद केला.

श्रीधरराव दारातून म्हणाले, "चार दिवस राहिले." ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरे वाटले असते.

८ एप्रिल, सोमवार

जमले.

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी पूर्वेची बारा आणि पश्चिमेची बारा अशी चोवीस नावे, योग्य दिवसाची, ओळीने उमटली. पुन्हा चालवले. पुन्हा तीच. मी उठून बाहेर गेलो, पाइपलाइनच्या चराभोवती एक चक्कर मारली आणि परत येऊन तिसऱ्यांदा चालवले. तीच.

पश्चिम बाजूची फाइल ताईने घाईत करून दिली होती. त्यात नावांच्या आठ चुका होत्या, त्या मी सुधारल्या. वर तिने श्री घातलेले नाही, एकदम नावेच सुरू. ही माणसे शिकलेली, त्यांना ती सवय नसते. दुसऱ्याच्या फाइलीत देवाचे नाव आपण घालणे बरे दिसणार नाही, म्हणून तसेच ठेवले.

ताई उद्या पुण्याला परत जात आहे. माझा प्रोग्रॅम तिने पडद्यावर वरखाली सरकवून पाहिला. "चालतंय ना? मग आता हात लावू नकोस. चालत्या गोष्टीला हात लावायचा नसतो."

९ एप्रिल, मंगळवार, गुढीपाडवा

सात वाजता पहिली यादी ग्रुपवर टाकली. छप्पन्न जणांनी अंगठा दिला. श्रीधररावांनी सगळ्यांदेखत माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मग ऑफिसात बोलावून त्यांनी रजिस्टर कपाटात ठेवले आणि कुलूप लावले. "आता तू मोजायचं नाहीस, पडताळायचं नाहीस. फाइल उघडायची नाही, फक्त चालवायची. माणसाचा हात लागला की पुन्हा भांडण." मी म्हणालो, संध्याकाळी पाणी मिळालेल्या घरांची एकदा नुसती बेरीज केली तर? तीन वर्षे रोज करतो. ते म्हणाले, "तीच सवय मोडायची आहे."

बेरीज केली नाही. जेवण नीट गेले नाही.

१३ एप्रिल, शनिवार

पश्चिमेच्या पहिल्या घरातल्या पारूबाई टँकरपाशी आल्या. एकट्या राहतात, पुंडलिकनगरात दोन घरी पोळ्या लाटायला जातात. साधा फोन आहे, त्यावर ग्रुप दिसत नाही.

"माझं नाव हाय का रं आज?"

यादी पाहिली. नव्हते. "आज नाही मावशी. उद्या असेल."

१६ एप्रिल, मंगळवार

पारूबाई आजही आल्या. आजही नाव नव्हते.

"आठ दिस झाले बाबा. ड्रमात तळ दिसाया लागला."

मागे चारपाच बायका खोळंबल्या होत्या. मी सांगितले, "मावशी, आता यादी मी करत नाही, कम्प्युटर करतो. त्यात माणसाचा हात नसतो." त्यांनी यादीच्या कागदाकडे बघितले, मग माझ्याकडे. "आस्सं व्हय," म्हणाल्या आणि गेल्या.

माझा अंदाज लिहून ठेवतो. त्यांच्या प्लॉटला कागद नाही. मागच्या वर्षी सभेत श्रीधरराव म्हणाले होते की त्यांचं काहीतरी बघावं लागेल. तेच बघितले असेल. ताईने फाइल केली तेव्हा नाव काढायला सांगितले असेल. मी आठ चुका सुधारल्या तेव्हा ते नाव होते की नव्हते, आठवत नाही. मी फक्त चुकलेली नावे बघत होतो.

विचारावे का? विचारले तर म्हणतील, याला आठवड्यातच यादी कळेनाशी झाली. फाइल उघडू नको असे स्पष्ट सांगितले आहे.

उद्या विचारीन.

२२ एप्रिल, सोमवार

विचारले नाही.

पारूबाई आता टँकरपाशी येत नाहीत. आज त्या चराच्या बाजूने कळशी घेऊन येताना दिसल्या. पाइप तपासताना सोडलेले पाणी तिथे साचले आहे. कपडे धुवायला नेत असतील. म्हणजे त्यांनी काही सोय केलेली दिसते. मला जरा हलके वाटले.

बद्रीनाथभाऊ म्हणाले, "त्या कोपऱ्यातल्या म्हातारीचं काय झालं रं? तिच्याकडं पाइप वढून लई दिस झाले." मी म्हणालो, यादीत नाही. ते म्हणाले, "मंग यादीच्या मायला विचार की."

२९ एप्रिल, सोमवार

पारूबाईंना घाटीत, सरकारी दवाखान्यात, नेले. शेजारच्या केसरबाईंना दोन दिवस दार उघडलेले दिसले नाही, म्हणून त्यांनी ढकलून पाहिले. जुलाब आणि उलट्यांनी त्या उंबऱ्यापाशी पडलेल्या होत्या. घरात दोन्ही ड्रम कोरडे. कळशीत चराचे पाणी, फडक्याने गाळलेले.

संध्याकाळी ऑफिससमोर चाळीसएक माणसे जमली. यादी बरोबर आहे यावर सगळ्यांचे एकमत. कम्प्युटर कशाला खोटे बोलेल? मग म्हातारीचे पाणी गेले कुठे? कोणीतरी म्हणाले, बायपासच्या ढाब्याला. मग सगळेच म्हणू लागले. शुक्रवारी संध्याकाळी सभा घेऊन बद्रीनाथला काढायचे ठरले.

बद्रीनाथभाऊंनी गर्दीतून मला बोलावले. "हा रोज माझ्यासंग असतो. सांग रं सांडू, एक बादली तरी इकली का म्या?"

"नाही," मी म्हणालो. इतक्या हळू म्हणालो की शेजारच्यालाही ऐकू गेले नसेल.

३० एप्रिल, मंगळवार

पहाटे फाइल उघडली.

पारूबाईंचे नाव तिथे आहे. कोणी काढलेले नाही. पश्चिम बाजूच्या फाइलीत सगळ्यात वर, पहिल्या ओळीत. पारूबाई गाडेकर, दोन ड्रम. स्पेलिंगही बरोबर. म्हणूनच माझे लक्ष गेले नव्हते.

फाइलीत वर श्री नाही, म्हणून पहिल्या ओळीचा नंबर शून्य. माझा प्रोग्रॅम एकपासून सुरू होतो. पूर्वेला तो श्री सोडतो. पश्चिमेला तो पारूबाई सोडतो. रोज सोडतो. पाडव्यापासून एकवीस दिवस मी सात वाजता बटण दाबले आणि रोज त्यांना सोडले.

शून्याची जागा कोणासाठीही राखलेली नसते. तिथे जो असेल तो असतो. ताईने मला हे सांगितले होते. मी माझ्या सोयीचे तेवढे ऐकले.

आणि संध्याकाळची बेरीज केली असती तर पहिल्याच पाच दिवसांत एकशे वीसऐवजी एकशे एकोणीस आले असते.

दुरुस्ती एका आकड्याची आहे. पश्चिमेच्या ओळीत एक खोडून शून्य लिहिले. अर्धा मिनिट लागला. चालवून पाहिले. पश्चिमेची पाच दिवसांची मिळून साठ नावे आली.

१ मे, बुधवार

घाटीत गेलो. पारूबाईंना सलाईन लावले होते. हात इतका सुकला आहे की सुईची पट्टी दोनदा गुंडाळावी लागली होती. केसरबाई उशाशी बसल्या होत्या.

"तू कशाला आला रं एवढ्या उन्हाचं?"

मी म्हणालो, चूक माझी आहे.

"तुझी कशी? तूच म्हनला व्हतास, माणसाचा हात नसतो म्हून." त्यांनी टोमणा मारला नव्हता. त्यांना खरेच तसे वाटत होते. "मला वाटलं, नाव काढलं आसंल. कागद नाय ना माझ्याकडं. बोलले आसते तर घरबी गेलं आसतं. म्हून गप ऱ्हायले."

"नाव काढलं नव्हतं मावशी. तुमचं नाव सगळ्यात पहिलं होतं."

"पयलं? मंग कसं नाय भेटलं?"

मी शून्य समजावून सांगू लागलो. दोन वाक्यांनंतर केसरबाई म्हणाल्या, "तो तांब्या दे तिकडून. तिला पाणी पाज आधी."

तांब्या दिला. पाणी पिताना त्या मधे मधे थांबत होत्या, संपेल म्हणून बेताने प्यावे तशा.

२ मे, गुरुवार

श्रीधररावांना सगळे सांगितले. दोन्ही फाइली उघडून दाखवल्या. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिले. त्यांना समजले, माझ्याहून लवकर समजले.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "दुरुस्त केलंस ना?"

"केलं."

"मग झालं. म्हातारीच्या औषधपाण्याचं समिती बघेल. पण हे बाहेर जाता कामा नये. एका यादीवर लोकांचा विश्वास बसलाय. उद्या यादी चुकली म्हटलं की एकशे वीस माणसं दारात. पुन्हा मारामाऱ्या."

"आणि बद्रीनाथभाऊ?"

"त्याला दुसरीकडे टँकर मिळेल. दुष्काळात टँकरवाल्याला काय तोटा. तुला कोण ठेवील? विचार कर. मी तुझ्याच भल्याचं सांगतोय."

ते माझ्याच भल्याचे सांगत होते, यात शंका नाही. गावी परत गेलो तर आईला काय सांगणार, हेही डोक्यात येऊन गेले. दारातून निघताना मी "बरं" म्हणालो. हा शब्द मी लिहून ठेवतो, कारण तो मी म्हणालो.

बाहेर बद्रीनाथभाऊ टायरपाशी बसून बिडी ओढत होते. "सभेत बोलशील ना?" त्यांनी विचारले. "तुझ्याबिगर कोणी नाय माझ्या बाजूनं." मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मलाही सांगता येणार नाही. सभेत मला बोलता येत नाही. कधीच आलेले नाही. दाराशी उभा राहीन आणि कोणी विचारणार नाही.

३ मे, शुक्रवार

साडेपाचला उठलो. प्रोग्रॅममध्ये यादीच्या वर आणखी तीन ओळी जोडल्या. प्रत्येक ओळीत प्रिंट, कंस, अवतरणचिन्ह. एकदाही चुकले नाही. त्या अशा:

"९ एप्रिलपासून २९ एप्रिलपर्यंत पश्चिम बाजूच्या पारूबाई गाडेकर यांना एकदाही पाणी मिळाले नाही."

"यादी चुकीची होती. ती मी, सांडू, याने केली होती. त्यांचे नाव मी सोडले आणि त्यांनी दोनदा विचारूनही पडताळले नाही."

"टँकरचालक बद्रीनाथ यांनी यादीप्रमाणेच पाणी वाटले. त्यांची काही चूक नाही."

खाली आजची चोवीस नावे. ती मोजली. बोटावर मोजली, मग रजिस्टर नसल्यामुळे या वहीच्या मागच्या पानावर लिहून पुन्हा मोजली. यापुढे रोज मोजणार, जितके दिवस ठेवतील तितके दिवस.

सात वाजता पाठवली. सात वाजून चार मिनिटांपर्यंत एकोणचाळीस जणांनी वाचली. कोणी अंगठा दिलेला नाही. श्रीधररावांचा फोन दोनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा आला की घेईन.

पत्र्याची पेटी भरून ठेवली आहे. फार सामान नाही.

पारूबाईंना काल संध्याकाळी घरी सोडले. बद्रीनाथभाऊ हॉर्न वाजवत आहेत. त्यांनी मेसेज वाचला की नाही, माहीत नाही. आज पाइप मी ओढणार आहे. पहिले घर पारूबाईंचे.